मशिनींजवळचं माणूस

४ फेब्रुवारी

वहिनी,

फोनवर तू काही केल्या सापडत नाहीस. जेव्हा जेव्हा करावा, दादाच उचलतो आणि म्हणतो, "ती कामात आहे, काय ते मला सांग." आता दादाशी फोनवर बोलणं म्हणजे दाराच्या कडीशी बोलणं. 'हं' म्हणतो आणि ठेवून देतो. शेवटी परवा तोच म्हणाला, "तिला पत्र लिही, तिला आवडेल." म्हणून हा उद्योग. अक्षराला हसू नकोस.

आता कामाचं. नगरपालिकेत माझ्या टेबलावर एक नवं प्रकरण आलंय आणि ते सरळ तुझ्या दुकानात जाऊन पोचतंय. किराण्याच्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाइकाने आपलं बिल आपणच करायच्या ज्या मशिनी बसवल्यात ना, त्यांच्यासाठी नियम करायचे आहेत आणि पहिला मसुदा मी लिहायचा आहे. तक्रारींचा ढीग पडलाय. दुकानांनी काउंटर बंद केले, ज्यांना मशीन जमत नाही ती म्हातारी माणसं भरलेली टोपली तिथेच ठेवून घरी जातात, आणि एवढ्या सगळ्या मशिनींना मिळून माणूस एक, तोही धावून धावून दमलेला.

तुला काउंटरवरून उठवून मशिनींजवळ उभं केलंय असं दादाच्या बोलण्यात आलं. वाईट वाटलं. इतकी वर्षं काउंटरवर बसून तू आख्ख्या वस्तीची खबर ठेवायचीस. तिथे काय चालतं ते मला नीट लिही. नियम करायचा तर आतली गोष्ट कळायला हवी, आणि आतलं माणूस माझ्या घरचंच आहे.

हिचा नमस्कार. पोरगी भिंत धरून चालायला लागली आहे. भिंत संपली की भिंतीवर रागावते.

तुझा
धाकटा


१२ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. ह्यांनाही वाचायला दिलं. दाराची कडी थोडीशी हसली.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही नऊ वर्षांचे होतात आणि नाक पुसायला माझी बाही वापरायचात. तरी सासूबाईंनी बजावलं होतं, दीर आहे, त्याला अहो-जाहो करायचं. शाळेच्या फाटकाशी उभी राहून मी "अहो भाऊजी, डबा विसरलात" म्हणून हाक मारायचे तेव्हा तुमचे मित्र पोट धरून हसायचे. आता तेच भाऊजी सगळ्या दुकानांना नियम लावणार. लावा.

फोनचं म्हणाल तर त्यावर घाईघाईत बोलणं होतं आणि खरं ते राहूनच जातं. पत्र दोनदा वाचता येतं. तुम्ही पत्रच लिहीत जा.

एक चूक आधी दुरुस्त करते. मला कोणी उठवलं नाही. मी स्वतः मॅनेजरसाहेबांकडे मशिनींवर बदली मागितली. काउंटरचा कंटाळा आला होता.

मशिनी बाहेर पडायच्या वाटेवर आहेत. प्रत्येकीच्या डोक्यावर एक काठी आणि काठीवर दिवा. सगळं ठीक असलं की हिरवा, अडलं की लाल. लाल झाला की मी जायचं, गळ्यातलं कार्ड मशीनला दाखवायचं आणि अडलेलं मोकळं करायचं. बहुतेक वेळा काही झालेलंच नसतं. कोणी पोराला वजनाच्या फळीवर बसवलेलं असतं, कोणी आपली पर्स ठेवलेली असते. एक बाई रोज मशीनशी भांडते आणि रोज तिच्याचकडे येते. एक गृहस्थ द्राक्षं बटाटे म्हणून तोलतात. मी जवळ गेले की म्हणतात, "चष्मा विसरलो हो." चष्मा नाकावर असतो.

वाईट काय, तर बसायला काही नाही. कामाची आख्खी पाळी उभ्याने. संध्याकाळी पाय माझे राहत नाहीत. तुमच्या नियमात जमलं तर एक स्टूल घाला, आणि टेकायला पाठ असली तर फारच बरं.

काउंटर पाचाचे दोन झालेत, दुपारी तर एकच. तिथे एक नवी मुलगी आहे, तिला आम्ही चष्मेवाली म्हणतो. हात चलाख आहे आणि म्हाताऱ्यांशी बोलतेही गोड. पण तिलाही काढणार असं ऐकते. तो काउंटर गेला तर बऱ्याच लोकांचा दिवस न बोलता जाईल.

पोरीला भिंत पुरेनाशी झाली की समजा चालायला लागली.

वहिनी


२ मार्च

वहिनी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. द्राक्षांच्या गृहस्थांवर आमचे साहेब खुर्चीत मागे रेलून हसले, आणि हसता हसता स्टुलाचं कलम त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केलं. पाठ असलेलं स्टूल.

मसुदा आता बराच आकाराला आलाय. सहा मशिनींमागे एक माणूस, त्याहून कमी चालणार नाही. दुकान उघडं आहे तोवर माणूस बसलेला एक तरी काउंटर चालू ठेवायचा, म्हणजे तुझी चष्मेवाली टिकेल. मशीनच वापरा अशी सक्ती कोणावर करायची नाही.

आणि नववं कलम खास माझं आहे. त्याचा मला थोडा गर्वच वाटतोय. एका बाईंनी तक्रार दिली होती. दूध आणि पाव घेऊन उभ्या होत्या, मशीन अडली, डोक्यावर लाल दिवा लागला आणि आख्खी रांग चोराकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघायला लागली. बरोबर त्यांची मुलगी होती. ती विचारायला लागली, "आई, आपण काय केलं?" त्या पुन्हा त्या दुकानात गेल्या नाहीत. म्हणून मी लिहिलंय, डोक्यावरचे दिवे बंद. मशिनींजवळच्या माणसाच्या कानात एक छोटं यंत्र असेल, मशीन अडली की त्यात हळूच आवाज येईल. कोणाला पत्ता लागणार नाही, कोणाची मान खाली जाणार नाही. कशी आहे कल्पना?

बाकी तू बदली मागून घेतलीस हे मला काही पटलेलं नाही. तुला बोलण्याचा कंटाळा येईल त्या दिवशी मी नोकरी सोडेन.

धाकटा


१० मार्च

भाऊजी,

मसुदा चांगला आहे. नववं कलम मात्र काढून टाका. दिवा आहे तो बरा आहे. ते कानातलं दिवसभर घालून डोकं दुखेल. आणि दिवा लागला की गिऱ्हाइकालाही कळतं की कोणीतरी येतंय. नव्या वस्तू घेतल्या की त्या बिघडतात. दिव्यात बिघडण्यासारखं काही नाही.

बाकी सगळं ठेवा. दिव्याला हात लावू नका.

इकडे सगळं ठीक. ह्यांना एका शाळेच्या बाकांचं काम मिळालंय. घरभर भुसा असतो.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून मी जरा गोंधळलो. डोकं दुखेल हे कारण मला लंगडं वाटतं. आणि एक विचारल्यावाचून राहवत नाही, रागावू नकोस.

दुकानदारांच्या संघाकडून आमच्याकडे हरकती आल्यात. सहा मशिनींना एक माणूस त्यांनी कुरकुरत मान्य केलंय, काउंटरचंही करतील. त्यांचा सगळा जोर नवव्या कलमावर आहे. "आहे तो दिवा बरा आहे, नव्या वस्तू बिघडतात." अगदी तुझेच शब्द. तुमच्या मॅनेजरने तुला बसवून हे पत्र लिहून घेतलं का? तसं असेल तर मला स्पष्ट सांग. तुझ्या नोकरीला धक्का लागणार नाही याची काळजी मी घेईन. पण तुझ्या तोंडून त्यांचं बोलणं ऐकायला मला आवडत नाही.

धाकटा


२४ मार्च

माझ्याकडून कोणी काही लिहून घेत नाही. इतकी वर्षं मला ओळखतोस आणि असं विचारतोस. तुला जे करायचं ते कर. दुकानाबद्दल मी आता काही लिहिणार नाही.

पोरीला पापा.

वहिनी


१८ एप्रिल

वहिनी,

तू मला 'तू' म्हणालीस तेव्हाच मला कळायला हवं होतं की माझं कुठेतरी मोठं चुकलंय. आजवर तू मला एकदाच 'तू' म्हणाली होतीस, मी गच्चीच्या कठड्यावर चढलो होतो तेव्हा.

मी न कळवता आलो तो भांडण मिटवायला. दुकानांची पाहणी करायची होतीच, म्हटलं पहिलं तुझंच करू. पुढचं सगळं तुझ्यासमोर झालं, पण त्याआधीचं तुला माहीत नाही.

मी आत आलो तेव्हा तू पाठमोरी उभी राहून पिशव्यांचा गठ्ठा नीट करत होतीस. तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून मी म्हटलं, "वहिनी." मग जरा मोठ्याने म्हटलं. मग आणखी मोठ्याने. शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, तुझा राग अजून गेला नाही आणि तुला माझं तोंडही बघायचं नाही. मी परत फिरलो. दारापर्यंत गेलो होतो. तेवढ्यात मागच्या ओळीत कोणाची तरी मशीन अडली. ती जोरात बोलायला लागली, तू हललीसही नाहीस. मग समोरच्या काचेत लाल दिव्याचा ठिपका उमटला आणि तू अशी गर्रकन वळलीस की मी जागच्या जागी उभा राहिलो.

त्यानंतर मी साबणाची वडी न दाखवताच पिशवीत टाकली. तुझं माझ्याकडे लक्ष जायला दुसरा मार्ग मला सुचला नाही. माझ्या डोक्यावर लाल दिवा लागला. रांगेतली माणसं माझ्याकडे वळून बघत होती आणि खरं सांगतो, मला लाज वाटली. ती तक्रारवाली बाई खरं बोलत होती.

तू आलीस आणि "अहो भाऊजी, तुम्ही?" असं इतक्या मोठ्याने म्हणालीस की अंडी घेणाऱ्या माणसाच्या हातातला खोका घसरला. मी विचारलं, "कधीपासून?" तू माझ्या ओठांकडे बघत होतीस. तुला समजलं. "आत्ता काम आहे, घरी बोलू," म्हणालीस. घरी मात्र मला पोटभर वाढलंस आणि दादाची पाठ वळली की बोट ओठांवर ठेवलंस.

मी दादाला काही सांगितलेलं नाही. नववं कलम मी आजच खोडलं. तुझं काम जावं म्हणून मी नियम करत नव्हतो. पण त्या बाईंना काय उत्तर देऊ ते सुचत नाही.

आणि मागच्या पत्रात जे विचारलं, ते मी विचारलं नाही असं समज.

तुझा
धाकटा


२७ एप्रिल

भाऊजी,

आता लपवून काय करू.

दोन वर्षं झाली असतील. आधी दाराची घंटा ऐकू येईनाशी झाली. मग हे न्हाणीतून हाक मारायचे ती गेली. मला वाटायचं, हेच हल्ली हळू बोलतात. काउंटरवर मी अंदाजाने बोलायला लागले. माणसं साधारण तेच तेच बोलतात, तेव्हा हसून मान हलवली की भागतं. लोक म्हणायचे, बाई किती हसतमुख.

मग एक दिवस ते निवृत्त मास्तर आले, रोज येणारे. काहीतरी बोलले. मी नेहमीसारखी हसले आणि म्हटलं, "छान झालं." ते सामान तिथेच ठेवून गेले. मागच्या बाईने मला दंड धरून सांगितलं, "अहो, त्यांची बायको गेली असं सांगत होते ते."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दारातच रडायला लागले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, म्हणाले, "जाऊ द्या, ऐकू आलं नसेल तुम्हाला." सहज म्हणाले, पण मी धास्तावले. मास्तरांना कळलं तर सगळ्यांना कळेल. त्याच आठवड्यात मी बदली मागितली. मशिनींजवळ कोणाचं ऐकावं लागत नाही. दिवा लागतो, मी जाते, काय अडलंय ते डोळ्यांना दिसतं. तिथे मी पूर्वीसारखीच चांगली आहे. कोणी मला काढू शकणार नाही, असं वाटायचं. मग तुमचं नववं कलम आलं.

ह्यांना सांगवत नाही. हे दिवसभर करवतीच्या आवाजात काम करतात, कानाला टोपणं लावून. त्यांचे कान ठणठणीत आणि माझे गेले, हे कसं सांगू?

पण माझ्या एकटीसाठी कलम खोडू नका. ती बाई खरं बोलते. दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसांची तोंडं मी रोज बघते, म्हणून तर पळत जाते. मला काही सुचत नाही. तुम्ही शिकलात ते कशासाठी, तुम्हीच शोधून काढा.

आणि तुला तू म्हटलं त्याचं मनाला लावून घेऊ नका.

वहिनी


९ मे

वहिनी,

"तुला तू म्हटलं त्याचं मनाला लावून घेऊ नका." हे वाक्य मी पाकिटात जपून ठेवलंय.

नववं कलम नव्याने लिहिलं. ऐक. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर दिवा नाही. मशिनींजवळच्या माणसासमोर एक छोटी पाटी असेल आणि तिच्यावर प्रत्येक मशीनचा एक दिवा. अडली ती मशीन तिथे उजळेल, ते फक्त तुलाच दिसेल. मनगटावर थरथरणारा पट्टाही चालेल. कोणाला कानात आवाज हवा असेल तर तो. काय हवं ते काम करणाऱ्याने ठरवायचं, दुकानाने नाही, आणि त्यावरून कोणाला कामावरून काढता येणार नाही.

साहेबांना पटलंय. त्या तक्रारवाल्या बाईंनाही विचारलं, त्यांनाही चालतंय. अडलंय ते संघाकडे. ते म्हणतात, असं कोणी कर्मचारी मागतच नाही, तुम्ही हवेत नियम करताय. सव्वीस तारखेला सुनावणी आहे. तिथे हे कोणीतरी उभं राहून सांगितलं नाही तर कलम बहुधा गळेल.

मी तुझं नाव घेतलेलं नाही, घेणारही नाही. तू यावंस असंही मी म्हणत नाही. काय चाललंय ते तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

डॉक्टरकडे मात्र जा. ते मी म्हणतो, आणि ठासून म्हणतो.

धाकटा


१६ मे

धाकट्या,

तुझी वहिनी सुनावणीला येते आहे. मी घेऊन येतो.

मला पत्र लिहायची सवय नाही. पण हे फोनवर बोललो असतो तर ती समोर बसून माझं तोंड वाचत राहिली असती.

मला ठाऊक होतं. आमच्या धंद्यात करवतीने कान गेलेले पुष्कळ पाहिलेत. माणूस आधी उगाच हसायला लागतं, मग गप्प होतं. तिचं हसणं वाढलं तेव्हाच मी समजलो. म्हणून घरात शिरताना पाय आपटतो, तिच्या पाठीमागून बोलत नाही आणि फोन मीच उचलतो. तू मला कडी म्हणालास ते वाचलं.

बोललो नाही, कारण ती लपवत होती आणि त्यात तिला फार कष्ट पडत होते. ती स्वतः सांगेल म्हणून थांबलो. परवा सांगितलं. मी 'हं' म्हटलं. ती म्हणाली, एवढंच? तेव्हा सगळं सांगितलं. मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी म्हणाली, चला, डॉक्टरकडे जाऊ. जाऊन आलो. ऐकू येण्याचं यंत्र सांगितलंय, यायला वेळ लागेल.

सुनावणीत तिला पुढे बसव. बोलणाऱ्याचं तोंड दिसायला हवं. मिशीवाल्यांना सावकाश बोलायला सांग. मिशीत शब्द अडकतात म्हणते.

दादा


२० जून

भाऊजी,

कलम मंजूर झाल्याचं तुमचं पत्र आलं. ह्यांनी ते करवतीच्या टेबलावर खिळ्याने ठोकून ठेवलंय.

सुनावणीत तुम्ही कागदात डोकं घालून बसला होतात. माझ्याकडे बघितलंत तर रडू येईल अशी भीती असावी. म्हणून तुम्हाला दिसलं नसेल ते सांगते. संघाचे ते गृहस्थ दाढी-मिशी सफाचट केलेले होते, नशीब माझं. "एकाही कर्मचाऱ्याची अशी मागणी नाही," हे मी त्यांच्या ओठांवर लख्ख वाचलं आणि कोणी बोलवायच्या आत उभी राहिले. मी फक्त इतकंच म्हणायचं ठरवलं होतं की मी मागणी करते. पुढचं आपोआप आलं. मला ऐकू येत नाही, मशीन अडली तर मी सगळ्यांच्या आधी पोचते, आणि हे दोन्ही खरं आहे. किती मोठ्याने बोलले ते ह्यांनी नंतर सांगितलं. दारावरचा शिपाई काय झालं म्हणून आत डोकावला होता.

खाली बसले तर मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. तुमची ती लाल दिव्याची तक्रारवाली बाई. पाण्याची बाटली पुढे केली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "आधी सांगायचं होतं तुम्ही." मी विचारलं, "सांगितलं असतं तर?" ते म्हणाले, "खरं सांगू? काढलं असतं." माणूस वाईट नाही. आता पाटी बसवली आहे, स्टूलही आलंय. चष्मेवालीला काउंटरवर कायम केलं. तिने मला काहीतरी सांगितलं आणि मी म्हटलं, पुन्हा सांग, ऐकू आलं नाही. किती सोपं होतं हो हे.

गेल्या आठवड्यात कानातलं यंत्र आलं. पहिल्या दिवशी डोकं भणभणलं. पिशव्या किती आवाज करतात. मशीन बोलते हे मला माहीत होतं, काय बोलते ते आत्ता कळलं. अडल्यावर म्हणते, "कृपया मदतीची वाट पाहा," तेही इतक्या लाडिक आवाजात की ती भांडणारी बाई अजून तिला काठीने कशी मारत नाही, याचं नवल वाटतं.

मात्र घरी आल्यावर एक झालं, ते तुम्हालाच सांगते. हे जेवताना शाळेच्या बाकांबद्दल बोलत होते, कुठलं लाकूड, कसले खिळे. आणि मला त्यांचा आवाज ओळखूच येईना. जरा घोगरा झालाय. वाक्याच्या शेवटी दमतो. दोन वर्षं मी त्यांचे ओठ वाचत होते आणि आवाज मनातला लावत होते, जुना, लग्नातला. इकडे हे हळूहळू म्हातारे होत होते आणि मला पत्ता नव्हता.

त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "काय झालं? अशी काय बघतेस?"

मी म्हटलं, "काही नाही. बोला तुम्ही."

आणि भाऊजी, तुमचा दादा चक्क बोलला. जेवण निवलं तरी बोलत होता.

वहिनी